कुमागाईंच्या पायाला पाणी लागेना

कुमागाई तेइझो पाण्याचा अंदाज पायानं घेत. ओसाकातल्या इकुनो भागात त्यांचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. दुपारी दार उघडण्याआधी ते पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून पुरुषांच्या हौदाच्या काठावर बसायचे, पाय बुडवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जमलं." त्यांचे वडीलही असंच करत. भिंतीवर तापमापक होता, पण त्याचा काटा कधीचा बेचाळीसवर अडकून बसला होता, आणि तेइझोंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाणी बेचाळीसच असायला हवं, मग काटा तिथंच राहिला तर बिघडलं कुठं?

बायकांचा हौद त्यांची बायको हात्सुए कोपर बुडवून बघायची. बाकी वेळ ती दाराशी उंच बैठकीवर बसून पैसे घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या गप्पा ऐकायची.

एका शरद ऋतूत तेइझो बॉयलरकडून तिच्यापाशी आले ते एकाच पायात चप्पल घालून.

"अहो, दुसरी कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल कधी सुटली याचा त्यांना पत्ताच नव्हता. मग त्यांनी हळूहळू कबूल केलं, की बरेच दिवस पायाला मुंग्या येतात, आणि तळव्याखाली जाड मोजा असल्यासारखं वाटतं.

हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं. पण ती बैठक उंच होती आणि आवाज दोन्हीकडे जायचा. दुसऱ्या दिवशीपासून गिऱ्हाईकं बाटल्या घेऊन येऊ लागली.

पहिले आले तातामी चटया विणणारे ओकुनो. त्यांच्या क्युशू बेटावरच्या बहिणीनं लसूण आणि अंड्याचा बलक आटवून गोळ्या केल्या होत्या. "मालक, या घ्या. माझ्या मेव्हण्याचे पाय लाकडासारखे झाले होते. आता गावच्या उत्सवात नाचतो तो."

मग ट्रामचे निवृत्त चालक मितानी आले. त्यांनी पिवळ्या गोळ्यांची भली मोठी बाटली ठेवली. "जीवनसत्त्व ब. सगळी ब. एकही सुटलेली नाही. लसूण खाऊन काय होतंय, फक्त शेजारी पळतात."

"शेजारी पळाले तर हौदात जागा होते," ओकुनो म्हणाले.

भूगोलाचे निवृत्त मास्तर निशिवाकी दोघांनाही हसले आणि त्यांनी कासवाची भुकटी आणली. शिवाय ब जीवनसत्त्वाचं एक पेयही आणलं, कारण भुकटी कशाबरोबर तरी घ्यायला हवी.

तेइझो भिडस्त माणूस. कुणाचंही मन मोडायचं नाही म्हणून सकाळी मिसोच्या सुपाबरोबर ते सगळं गिळायचे. घरभर लसणाचा वास सुटला. मुंग्या वाढल्या.

"वाढल्या म्हणजे औषध चढतंय," मितानी म्हणाले. "दोन घेता ना? चार घ्या."

"माझ्या लसणानं चढतंय ते," ओकुनो म्हणाले.

तेइझोंनी दोघांचंही दुप्पट केलं.

हिवाळा लागला, आणि हात्सुएला पुरुषांच्या बाजूनं चमत्कारिक आवाज येऊ लागले. माणसं पाण्यात उतरताना पूर्वी सुखानं सुस्कारा टाकायची, आता दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. एकदा एक नवा विद्यार्थी आत गेला आणि केस कोरडे असतानाच बाहेर आला. "काही काम आठवलं," असं म्हणाला. त्याचा एक पाय घोट्यापर्यंत लाल होता.

मग ओकुनो एकदा पैसे देताना वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? हल्ली पाणी अंगाला फार लागतं हो. कातडी पातळ झाली असणार. म्हातारपण. मितानीला सांगू नका."

दोन दिवसांनी मितानी त्याच जागी वाकले. "वहिनी, माझा रक्तदाब बिघडलाय वाटतं. पाण्यात उतरलं की मस्तक फिरतं. ओकुनो तर मजेत बसलेला असतो. त्याला कळू देऊ नका."

निशिवाकी वाकायला लागले तेव्हा हात्सुए म्हणाली, "मास्तर, तुम्ही राहू द्या. कळलं मला."

दुसऱ्या दिवशी दार उघडण्याआधी ती तेंपुराची भजी तळताना तेलात बुडवायचा तापमापक घेऊन पुरुषांच्या बाजूला गेली. तेइझो पाय बुडवून, डोळे मिटून बसले होते.

"आज जरा कोमटच आहे," ते म्हणाले. "अजून थोडं तापवतो."

हात्सुएनं तापमापक बुडवला. सत्तेचाळीस.

"अहो, पाय बाहेर काढा."

"अगं, जमत आलंय."

"बाहेर काढा म्हणते ना."

पाय बाहेर आला. तो उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होता, आणि अंगठ्याशेजारी टपोरा फोड आला होता. तेइझो त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे बघत राहिले. फोडापेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता.

"म्हणजे इतके दिवस मी लोकांना शिजवतोय?"

"हो. आणि ते शिजून घेतायत."

त्या दिवशी न्हाणीघर बंद राहिलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पायाला पट्टी बांधली, रक्त तपासायला पाठवलं, आणि पुढच्या खेपेला हात्सुएनं आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. बाटल्या उभ्या करायला बराच वेळ लागला.

"पोटाचं काही ऑपरेशन झालंय?" त्यांनी विचारलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी तेइझोंचं जठर काढलं होतं. पण जठराचा आणि पायाचा काय संबंध, म्हणून ते बोलले नव्हते.

"जठर नसलं की बी-बारा अंगी लागत नाही. साठा संपायला वर्षं जातात, मग पाय बोलायला लागतात. ते इंजेक्शननं देऊ." मग त्यांनी पिवळी बाटली, पेय आणि आणखी कुणा गिऱ्हाइकानं दिलेली एक डबी बाजूला काढली. "आणि या तिन्हींत बी-सहा आहे. तेच जास्त झालं तर त्यानंही पाय बधिर होतात. तुम्ही किती घेत होता?"

तेइझोंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"सगळं बंद. लसूण स्वयंपाकात खा. किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही, महिने लागतील. आणि गरम पाण्यात पाय घालायचा नाही."

"त्या तिघांना काय सांगू गं?" परत येताना तेइझोंनी विचारलं. "एवढ्या मायेनं दिलं त्यांनी."

"मी सांगते," हात्सुए म्हणाली, आणि बैठकीवर बसून दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगितलं. आधी पाण्याचं, मग गोळ्यांचं.

"सत्तेचाळीस?" पुरुषांच्या बाजूनं मितानींचा आवाज आला. "ओकुनो, तू बोलला का नाहीस?"

"तू तर पाण्यात बसून गाणं म्हणायचास."

"अरे, विव्हळत होतो मी."

पुढच्या आठवड्यापासून पाणी बेचाळीसवर आलं. तिघंही हौदात बसून म्हणायचे, हे काय पाणी आहे, खरं पाणी ते त्या हिवाळ्यातलं.

इंजेक्शनं चालू राहिली. वसंतात तेइझोंची चाल थोडी सुधारली, पण पाय अजून परकेच होते. मग एका संध्याकाळी ते हौदाशी फरशी पुसत असताना ओकुनो बाहेर पडताना घसरले आणि तेइझोंच्या डाव्या पायावर सगळा भार देऊन उभे राहिले.

"आई गं," तेइझो म्हणाले.

ओकुनो ओशाळून कमरेत वाकले. "माफ करा मालक, दिसलं नाही, खरंच माफ करा."

तेइझो पायाकडे बघत होते. मग त्यांनी फडकं ठेवलं आणि दुसरा पाय पुढे केला.

"जरा यावर द्या बघू."

"मालक?"

"जोर लावून द्या."

ओकुनोंनी मितानींकडे पाहिलं, मितानींनी मान हलवली. ओकुनो उजव्या पायावर चढले. सगळे तेइझोंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही," तेइझो बऱ्याच वेळानं म्हणाले. "याला अजून वेळ आहे." आणि बैठकीच्या दिशेनं ओरडून म्हणाले, "हात्सुए, डावा दुखतोय गं."

तिनं भिंतीपलीकडून विचारलं, "फार?"

"चांगलाच," तेइझो म्हणाले, आणि लंगडत तिला दाखवायला निघाले.