सात नंबरचा ट्रे

बियाण्यांच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं आहे; धाकट्या बहिणीलाही मीच तिथे चिकटवली. हातमोजे घाल, हातमोजे घाल म्हणून घसा कोरडा केला, पण बाईसाहेब रोज उघड्या बोटांनीच मुळं चाचपायच्या. "मोज्यातून काय डोंबल कळतंय, ताई?"

आमच्या ट्रेमधलं द्रावण मुद्दाम इतकं दाट ठेवतात, की मुळांना पाणी ओढता येत नाही. मग रोपं पोटॅशियम गोळा करतात, आतला रस दाट करतात आणि त्याच्या जोरावर पाणी खेचून उभी राहतात. सात नंबरमध्ये पोटॅशियम घातलंच नव्हतं. त्या रोपांनी माना टाकायला हव्या होत्या. पण सगळ्यांत ताठ तीच!

"बाटली बदलली तुम्ही, बाई," साहेब म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

त्याच आठवड्यात धाकटीच्या पायात गोळे यायला लागले. हातातून ग्लास सुटायचा. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं पोटॅशियम घसरलंय. औषधं झाली, सलाईन झालं. सगळं कुठे जात होतं देव जाणे. ती घरी पडून, आणि इकडे सात नंबरला नवी पानं.

माझ्या मनात नको ते आलं. एक रोप उपटून पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन, "ताई, माझा पाय कुणीतरी ओढला गं!" ते रोप मी तसंच परत पाण्यात खोचलं.

दुसऱ्या दिवसापासून, बावीस वर्षांत केली नव्हती ती चूक जाणूनबुजून केली. रोज सकाळी चमचाभर पोटॅशियमचं मीठ सात नंबरमध्ये. खा बाबांनो, हे खा, तिला सोडा. आठवड्याभरात धाकटी भिंत धरून चालायला लागली. काल तर माझ्याशी भांडण्याइतकी बरी झाली होती.

आज साहेबांनी द्रावण तपासलं. "बघा! मी म्हणत नव्हतो?"

"माझीच चूक, साहेब. मला काढून टाका, पण ट्रे राहू द्या."

"अहो, होतं असं माणसाकडून," ते चक्क हसले. "ट्रे वायाच गेला होता. मघाशीच उपटून टाकला मी."

बादलीत रोपं आडवी पडली होती. मी खाली बसले आणि एकेक करून पाण्यात लावत सुटले. साहेब "अहो बाई, अहो बाई" करत राहिले. खांद्याने कानाशी दाबलेल्या फोनवर घरची रिंग वाजत होती, वाजतच होती.