बाईसाहेबांची बाही

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. उंची दीड वीत, मान ताठ, कंबर अगदी चिमूटभर आणि डोक्याच्या डाव्या बाजूला टक्कल. टकलाबद्दल पुढे सांगेन. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी काचेच्या कपाटात बसून राहणारी बाहुली नाही, मी कामावरची बाहुली आहे. शिवणाच्या टेबलावर उभे राहायचे आणि नवा कपडा नीट बसतो की नाही ते अंगावर घालून दाखवायचे, हा माझा व्यवसाय. आजवर माझ्या अंगावर इतके झगे, कोट आणि कॉलरी चढल्या आणि उतरल्या की मोजदाद नाही. त्यांतले माझे स्वतःचे मात्र काहीच नव्हते. आपलाही एखादा कपडा असावा, एवढीच माझी इच्छा होती, आणि ही कहाणी त्या इच्छेचीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे हात एका टोपलीत, पाय दुसऱ्या टोपलीत आणि डोकी तिसऱ्या टोपलीत असत. सगळे जुळवून झाल्यावर एक बाई बारीक कुंचल्याने चेहरा रंगवी. माझ्या वेळी तिला बहुधा शिंक आली असावी, कारण माझी उजवी भुवई जरा वरच गेली. तेव्हापासून मी कायम "असं का?" असे विचारत असल्यासारखी दिसते. पुढे आयुष्यात तसे विचारायचे प्रसंग पुष्कळ आले, त्यामुळे ती भुवई वाया गेली नाही.

कारखान्यातून मी दुकानात गेले आणि दुकानातून एका लहान मुलीच्या घरी. खरे तर ती माझ्याशी खेळण्याएवढी मोठी झालीच नव्हती. तिला अजून दात येत होते. पण तिच्या वडिलांना धीर धरवला नाही. घरात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती दिसेल ते कुरतडत असे. चपला, पेन्सिली, टेबलाची कड, काहीही तिला वर्ज्य नव्हते. एवढे सगळे असताना माझ्या नाजूक बोटांनी तिच्या तावडीतून सुटावे, हे शक्यच नव्हते. दात येऊन संपले तेव्हा माझ्या दोन्ही पंजांच्या जागी गुळगुळीत गोल टोके उरली होती.

पुढे खारूताईच्या हाती कात्री आली आणि माझ्या डोक्यावर टक्कल. कापलेले केस पुन्हा उगवतात अशी तिची प्रामाणिक समजूत होती. ती वाट पाहत राहिली, मीही पाहत राहिले. मग ती शाळेत जाऊ लागली आणि मी पलंगाखालच्या खोक्यात गेले. माझा कारखान्यातला झगा कुठे गेला ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्या खोक्यातून मला बाहेर काढले ते खारूताईच्या मावशीने. ती एका लेडीज टेलरच्या दुकानात शिवणकाम करत असे. मला उलटसुलट करून तिने पाहिले, कंबरेभोवती दोरा गुंडाळला आणि विचारले, "ही मला देतेस?"

"घे. पण ती टकली आहे," खारूताई म्हणाली.

"असू दे की. मला कुठे हिची वेणी घालायचीय? हिच्या अंगावर कपडे शिवायचेत."

अशा रीतीने मला नोकरी लागली. मावशीचे टेबल खिडकीशी होते. त्यावर शिलाई मशीन, बटणांचा डबा, टाचण्या खोचायची गादी आणि एका मोठ्या लाकडी रिळावर तार बसवून केलेले माझे उभे राहण्याचे ठिकाण. दिवसभर मावशी दुकानात मोठ्या माणसांचे कपडे शिवी आणि घरी आली की माझ्यासमोर बसे. तिच्याकडे तिच्या आईचा जुना फोटोंचा अल्बम होता. त्यातल्या बायका कंबरेला घट्ट आणि खाली भरपूर घेर असलेले झगे, गळ्याला गोल कॉलरी, लांब कोट आणि हातमोजे घालून उभ्या होत्या. मावशीला त्या कपड्यांचे वेड होते.

"आता कुणाला हवेत असे कपडे?" ती मला सांगे. "माणसांना घेर सांभाळायला वेळ नाही आणि ठेवायला जागा नाही. तुम्हा लोकांचं बरं आहे, बाईसाहेब."

मला ती बाईसाहेब म्हणे. टकल्या बाहुलीला बाईसाहेब म्हणणारी माणसे जगात फार नसतात, म्हणून सांगितले.

मित्रांनो, छोटा कपडा म्हणजे सोपा कपडा असे समजू नका. मोठ्या फुलांचे कापड आमच्या कामाचे नाही. एकच फूल पोटावर येते आणि बाहुली उशीसारखी दिसते. म्हणून मावशी जुने रुमाल आणि दुपट्यांचे मऊ तुकडे जमवी. बटणांऐवजी बारीक मणी लावी. इस्त्रीचे टोक बाहीत शिरत नसे, तेव्हा चमचा गरम पाण्यात बुडवून, कोरडा पुसून, त्याच्या पाठीने ती शिवण दाबी. बाही शिवून झाली की पेन्सिलीच्या बोथट टोकाने ती सुलट करी. मग कपडा माझ्या अंगावर येई.

"श्वास रोखा बाईसाहेब, टाचणी येतेय."

मी रोखून धरी. मला दुसरे येतच नव्हते.

कपडा बसला की मावशी खुर्ची मागे सरकवून लांबून पाही आणि गालातल्या गालात हसे. ते हसू मला फार आवडे. पण मग टाचण्या निघत, कपडा निघे, त्याची घडी होई आणि तो शेजारच्या मुलीच्या नाहीतर दुकानातल्या सोबतिणीच्या लेकीच्या बाहुलीकडे रवाना होई. मला मावशी एका जुन्या रुमालात गुंडाळून ठेवी. रुमाल स्वच्छ असे, याबद्दल तक्रार नाही. पण रुमाल म्हणजे काही पोशाख नव्हे.

एकदा तिने बारीक पांढऱ्या फुलांच्या निळ्या कापडाचा झगा शिवला. तो अंगावर येताच मला वाटले, हा माझाच. मावशीही मला किती तरी वेळ फिरवून पाहत होती. "काय शोभतंय गं तुला!" ती म्हणाली. आणि मग तिने टिचबटणे उघडली, झगा काढला आणि कागदात बांधला. त्या दिवशी मी भुवई वर केली असती, पण ती आधीच वर होती.

वर्षे गेली. मावशी दुकानातून निवृत्त झाली. खारूताई मोठी होऊन इस्पितळात नर्स झाली. आणि एके दिवशी बाजारातला खेळण्यांच्या दुकानाचा मालक आमच्या दारात आला. कुणाच्या तरी बाहुलीच्या अंगावर त्याने मावशीचा झगा पाहिला होता. आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेत जुन्या काळच्या कपड्यांतल्या बाहुल्यांची रांग उभी करायची, असे त्याच्या मनात होते.

"अगदी फोटोतल्यासारखे कपडे हवेत, ताई. लांब कोट, लांब घट्ट बाह्या, आतून अस्तर. लोक थांबले पाहिजेत."

तो गेल्यावर मावशी बराच वेळ अल्बम मांडीवर घेऊन बसली. मग मला म्हणाली, "बाईसाहेब, आयुष्यभर मी शिवलं आणि त्यावर पट्टी लागली दुकानाच्या नावाची. आता काचेत माझं काम उभं राहणार. चुकायचं नाही हं आपण."

आम्ही जिवाचे रान केले. आजवरच्या कपड्यांना फुग्याच्या आखूड बाह्या असत, नाहीतर ढगळ. आता पहिल्यांदाच मनगटापर्यंत चिकटून बसणाऱ्या बाह्या शिवायच्या होत्या, त्याही अस्तराच्या. दुकानातल्या बाहुल्यांच्या मनगटाचे माप मावशीने दोऱ्याने घेतले होते आणि ते तंतोतंत माझ्याएवढेच होते. प्रत्येक बाही माझ्या हातावरून सुळकन सरकून बसली. मावशी खूश, मी खूश. गठ्ठा दुकानात गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मालक कपडे आणि बाहुल्या दोन्ही खोक्यात भरून घाईघाईने आला. त्याला धाप लागली होती.

"ताई, बाह्या जातच नाहीत हो! एक ओढून पाहिली तर अस्तर फाटलं. उद्या सकाळी काचेवरचा पडदा काढायचाय, बाहेर पाटी लावून बसलोय मी."

"जात नाहीत म्हणजे? बाईसाहेबांना तर सहज जातात."

मावशीने खोक्यातली एक बाहुली घेतली आणि कोट चढवू लागली. हात बाहीत शिरला आणि मध्येच अडला. जरा जोर लावला तशी अस्तराची शिवण करकरली. तोच कोट माझ्या हातावर चढवला, तर सुळकन गेला. पुन्हा माप घेतले. मनगटे सारखीच. मावशी मटकन खुर्चीत बसली.

"पुन्हा शिवायला वेळ नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि शिवणार तरी काय? चूक कुठेय तेच मला कळत नाही."

इतक्या वर्षांत तिचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात खारूताई ड्यूटी संपवून आली. काय झाले ते तिने ऐकून घेतले, एका हातात नवी बाहुली धरली आणि दुसऱ्या हातात मला. आळीपाळीने दोघींकडे पाहिले आणि तिच्या तोंडाचा चंबू झाला.

"मावशी, हिला बोटं कुठेत?"

"कुणाला?"

"बाईसाहेबांना! बघ ना, या नवीला लांब लांब बोटं आहेत, पसरलेली. ती अडकतायत अस्तरात. आणि हिची तर..." ती थांबली. "हिची तर मीच खाल्ली होती."

मावशीने माझे हात डोळ्यांजवळ नेले आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! रोज बघते गं मी हे हात. रोज बघून बघून दिसेनासेच झाले."

मालक वैतागला होता. तो म्हणाला, "मग ही बाहुली बदला ना, ताई. मापच चुकीचं देते ती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खोटे मी कधी बोलले नव्हते, मला बोलताच येत नाही. पण त्याचे म्हणणे खोडून काढणेही शक्य नव्हते.

खारूताई मात्र पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने गोळ्या ठेवायची एक छोटी प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. "आमच्याकडे पेशंटच्या हाताला पट्टी असली की शर्टाच्या बाहीत अडकते. मग आम्ही हातावर पिशवी चढवतो आणि वरून बाही घालतो." तिने ती पिशवी नव्या बाहुलीच्या पंजावर चढवली, बोटे आत मिटवल्यासारखी झाली, आणि कोट खांद्यापर्यंत सरकला. मनगटाशी बाहीतून डोकावणारे पिशवीचे टोक तिने हळूच ओढून घेतले. पंजा मोकळा झाला, बोटे जशीच्या तशी.

मावशीचा जीव भांड्यात पडला. फाटलेले अस्तर तिने बारीक टाक्यांनी जोडले, तिघांनी मिळून सगळ्या बाहुल्यांना कपडे चढवले आणि मालक हसत हसत खोके घेऊन गेला.

दुसऱ्या सकाळी मावशीने मला पिशवीत घालून बाजारात नेले. माझे डोके बाहेर ठेवले होते. पडदा निघाला आणि येणारी-जाणारी माणसे खरोखरच थांबली. काचेच्या कोपऱ्यातल्या पाटीवर मावशीचे नाव होते. ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती. मी त्या रांगेकडे पाहत होते. प्रत्येक कपडा आधी माझ्या अंगावर होता, हे काचेपलीकडच्या एकाही बाहुलीला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर व्हायचे तेच झाले. मालकाने मावशीला एक नवी बाहुली भेट दिली होती. दोन्ही हातांची बोटे शाबूत. ती माझ्या रिळावर उभी राहिली आणि मी बटणांच्या डब्यात गेले. बटणे बोलकी नसतात. झाकणातून मशीनचा आवाज ऐकू येई, "श्वास रोखा" ऐकू येई, आणि ते मला उद्देशून नसे. त्या दिवसांत मी फार उदास होते. पुढची जागा कचऱ्याच्या टोपलीतच, असे मला वाटू लागले होते.

मग एका दुपारी झाकण उघडले. मावशीच्या हातात पांढऱ्या फुलांचे ते निळे कापड होते. त्याचा एक तुकडा तिने इतकी वर्षे जपून ठेवला होता. आता त्याचा झगा झाला होता, गळ्याला गोल कॉलर, खाली घेर आणि मनगटापर्यंत लांब बाह्या. खारूताई शेजारी बसून पाहत होती.

"मावशी, बाही फारच अरुंद झालीये. पिशवी घातली तरी कुणाला जायची नाही ही."

"जायलाच नको आहे," मावशी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला गेली की कुणीतरी मागून नेतं."

आणि तिने माझा हात त्या बाहीत घातला. सुळकन.

"कामाला नवी आहे आता," मावशीने माझ्या मानेमागचे टिचबटण लावले. "बाईसाहेबांनी फक्त मिरवायचं."

तेव्हापासून मी खिडकीशी, बटणांच्या डब्यावर बसून असते. नवी बाहुली कपडे घालते आणि काढते. बिचारीला रुमालात गुंडाळून ठेवतात. तिला अधूनमधून माझ्याकडे पाहावेसे वाटत असेल. तिचाही दिवस येईल, असे मी तिला मनातल्या मनात सांगते.

मित्रांनो, तुमच्याही पलंगाखाली एखादे खोके असेल. त्यात कान तुटलेले, चाक निघालेले, कुणीतरी कुरतडलेले काहीतरी पडले असेल. ते टाकून देण्याआधी एकदा त्याचे माप घ्या. दुसऱ्याच्या मापाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या. आणि घरात दात येणारे भावंड असेल, तर आपली खेळणी जरा उंचावर ठेवा, हे मी अनुभवाने सांगते.

माझी बोटे मात्र आता कुणी परत आणून दिली तरी मला नकोत. ती असती, तर ही बाही माझ्या हातात गेली नसती.