नळाला आलेली पद्धत

आज सकाळी आमच्या नळाला पाण्याऐवजी विमानतळाच्या सिक्युरिटीची पद्धत आली. तुमच्या वाडीत विहीर आहे, आणि तुम्ही थेट इथे विमानतळावर मला भेटायला आलात, म्हणून तुम्हा दोघींना काही माहीतच नाही. थांबा, पहिल्यापासून सांगते. फरझाना, हसू नकोस. जुई, तू माझी बॅग धर, माझ्या हातावर दही आहे, सांडेल.

इथे सड्यावर, या पठारावर, दोन टाक्या आहेत ना, शेजारी शेजारी? एक गावाची, एक विमानतळाची. विमानतळवाले त्यांची पद्धत टाकीत ठेवतात. कागदावर ठेवली तर कुणीतरी वाचेल. रोज सकाळी तिथली माणसं एकेक ग्लास पितात आणि कामाला लागतात. काल दसरा. पाणी सोडणाऱ्या रमाकांतदादाने टाक्यांच्या दोन्ही चाव्यांची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, आणि हार एवढे जाडजूड की कुठली चावी कुठल्या टाकीची ते दिसेना. पूजेचा हार असा लगेच कसा काढायचा? म्हणून आज सकाळी त्याने हाराखालून हात घातला, चाचपडला, आणि फिरवली. ती विमानतळाची.

दिसायला पाण्यासारखीच होती गं. फक्त नव्या बॅगेसारखा वास येत होता. पण आपल्याकडे नळ आला की आधी भरायचं, मग बघायचं काय आलंय. आईने हंडा भरला, कळश्या भरल्या, बादल्या भरल्या, कुकरसुद्धा भरला. आणि तेवढ्यात नळ गेला. रोजच्यापेक्षा लवकर गेला. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आईने तिची थायरॉइडची गोळी त्याच्याबरोबरच घेतली, वर अजून एक ग्लास प्यायली. मी प्यायले नाही. मला घाई होती, मी त्याने आंघोळ केली. चंदनाचा साबण लावून, डोक्यावरून. म्हणून मला तपासायचं कसं ते कळलं नाही. तपासून घ्यायचं कसं, तेवढंच कळलं.

आजचं विमान चुकलं तर पुढचं आठवड्याने, आणि सोमवारी हैदराबादला रुजू नाही झाले तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत. हे तुम्हाला माहितीये. आईलाही माहितीये. चार दिवस तिने बॅग भरली, रिकामी केली, परत भरली.

मी उंबऱ्यापाशी आले. आई एका हातात दह्याची वाटी घेऊन उभी होती.

‘थांब,’ ती म्हणाली. ‘हात वर.’

माझे हात आपोआप वर गेले. आमच्या दाराची चौकट टिकटिक वाजायला लागली.

‘बॅग कुणी भरली?’

‘आई, तूच भरलीस.’

‘कुणी काही दिलंय का बरोबर न्यायला?’

‘तूच दिलंयस.’

‘मग उघड.’

तिने कैरीच्या लोणच्याची बरणी बाहेर काढली. तिनेच घातलेली, तिनेच वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेली. ‘हे चालणार नाही,’ म्हणाली, आणि तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं! पण काढली. मग तिने मला बघितलं. म्हणजे आतून बघितलं. मी खाली पाहिलं तर माझे हात नारिंगी दिसत होते आणि हाडं निळी.

‘तुझ्या पोटात खडूचा तुकडा आहे,’ आई म्हणाली. ‘बालवाडीतला.’

‘असेल. खाल्ला होता.’

‘असू दे. पण मला माहीत पाहिजे होतं.’

अगं, ती इतकी खूश झाली! मला म्हणाली, एवढी वर्षं तुला दारातून सोडतेय, शाळेला सोडलं, कॉलेजला सोडलं, नीट बघायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं. विमानतळवाल्यांचं भलं होवो.

‘झालं?’ मी विचारलं.

‘झालं.’

‘मग येऊ मी?’

  आईने वाटीतलं दही माझ्या हातावर ठेवायला चमचा उचलला, तो परत वाटीत ठेवला. मग तिने दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

‘पुढचं आलंच नाही गं,’ ती म्हणाली. ‘तेवढ्यात नळ गेला.’

सोडायचं कसं, ते शेवटी होतं. ते टाकीतच राहिलं. आईचा हात काही निघेना. ती ओढत नव्हती, दाबत नव्हती, नुसता ठेवला होता. मग मी चालायला लागले आणि आई हात तसाच ठेवून माझ्या मागून चालायला लागली.

शेजारी सावंतकाकी फाटकात परात घेऊन उभ्या. ‘चपला परातीत. घड्याळ परातीत. केसातली पिन काढ, पिन.’ त्यांच्यामागे काका हात वर करून उभे, सकाळपासून तसेच, चेहरा नुसता फुललेला.

‘काका, दुखत नाहीत का हात?’

‘दुखू देत,’ काका म्हणाले. ‘अगं, आमच्या हिने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं, खिशात काय आहे म्हणून.’

‘काय होतं?’

‘बडीशेप.’ आणि काकींना म्हणाले, ‘थँक्यू हं.’

‘गप्प उभे राहा,’ काकी म्हणाल्या, पण लाजल्या.

काकींनी मला तपासलं आणि त्यांनाही पुढचं येईना. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी काकींच्या. आम्ही निघालो.

तेवढ्यात नगरपालिकेची रिक्षा आली, भोंगा लावलेली. ‘नागरिकांना कळविण्यात येते की आज सकाळी आलेली पद्धत पिऊ नये, साठवू नये, त्यात डाळ शिजवू नये, टाकीवर आणून परत करावी.’ लोकांनी रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला नारळ दिला, त्याच्या सीटखाली बघितलं, पायाच्या बोटांमध्ये बघितलं. तो रडला गं. म्हणाला, घरी मी जेवलो का तेसुद्धा कुणी बघत नाही. मग भोंग्यावरून ‘सर्वांचे आभार’ म्हणाला आणि शेवटच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून तोही निघाला.

ज्या घरावरून गेलो ते घर रस्त्याकडे सरकलं. सगळ्यांना तपासायचं होतं ना. समोरासमोरच्या ओसऱ्या जवळ आल्या, छपरांच्या पागोळ्या एकमेकींना लागल्या, बाजारपेठेत तर रस्ता चौकटीएवढा राहिला. एका वेळी एकच माणूस. मी बॅग डोक्यावर घेतली. दोन्ही बाजूंनी हात यायचे, माझ्या बाह्या चाचपायचे, आणि हात म्हणायचे, म्हणजे हातांची माणसं म्हणायची, ‘छान हं पोरी, सगळं ठीक आहे तुझं.’ आणि मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू! आयुष्यात कधी मला कुणी म्हणालं नव्हतं, सगळं ठीक आहे तुझं. पण विमानाची वेळ होत आली होती आणि मागे सगळं गाव लागलं होतं, वजन वाटत होतं खांद्यावर. पाय उचलला की आख्खं गाव उचलायला लागायचं.

आम्ही इथे वर आलो तर सिक्युरिटीवाले काल उरलेलं श्रीखंड खात बसलेले. त्यांना आज प्यायलाच काही मिळालं नव्हतं. आमच्याकडे बघून ती मोठी मॅडम, बिराजदार मॅडम, उठली.

‘कोण पाहिजे तुम्हाला?’

‘मला विमानात बसायचंय.’

‘मग बस की. आम्हाला काय विचारतीस?’

मी मागे बोट दाखवलं. तिने रांग बघितली. रांगेचं शेपूट खाली बाजारात होतं. रांगेतले सगळे एकदम म्हणाले, ‘मॅडम, थँक्यू!’ कुणी आपट्याची पानं दिली, कुणी पेढे. मॅडम घाबरली. मग समजलं तशी ती टाकीवर चढली, आत वाकली आणि स्टीलच्या पेल्यात तळाचं खरवडून घेऊन आली.

‘तळाचं एवढंच राहिलंय,’ ती म्हणाली. ‘सोडायचं तेवढं हाय ह्यात. जिनं धरलंय तिनं प्यायचं.’

मी पेला आईपुढे धरला. आईने वाटी काखेत धरली आणि पेला घेतला. एकच घोट होता. विमानाचा पंखा सुरू झालेला ऐकू येत होता. आईने पेला तोंडाशी नेला, आणि थांबली, माझ्याकडे बघितलं. आता तुम्ही दोघी माझ्या आईला ओळखता. ती कधी आमच्या आधी जेवली आहे? कधी आमच्या आधी पाणी प्यायली आहे?

‘आधी तू घे,’ आई म्हणाली. ‘उन्हातनं आलीयेस.’

आणि मी घेतला गं! आईने पेला पुढे केला की मी पितेच. विचारच नाही केला. एका घोटात संपला.

मॅडमनी कपाळावर हात मारला.

मग मला सोडायचं कसं ते कळलं. खूप सोपं असतं. मी खाली बघितलं तर माझ्या डाव्या मुठीत आईचा पदर होता. घरापासून धरला होता मी, माझ्याच ध्यानात नव्हतं. मी मूठ उघडली. आईचा हात माझ्या खांद्यावरून वर गेला, फुगा सुटल्यासारखा.

‘अगंबाई,’ ती म्हणाली. ‘मी जाऊ की काय?’

‘जाऊ नाही, येऊ म्हण.’

‘येते हं,’ आई म्हणाली. तिने काखेतली वाटी काढली, दही माझ्या हातावर ठेवलं. जात होती ती, आणि दही मला. म्हणाली, ‘पोचलीस की फोन कर.’ आणि अनवाणीच गेली, तिच्या चपला काकींच्या परातीत होत्या. विमानाच्या जिन्यावर एकदा थांबली, खाली वाकून पायरी पदराने पुसली, मग आत गेली. कधी विमान जवळून बघितलं नव्हतं तिने. मला तेव्हा रडू आलं, पण चांगलं रडू.

मी दही चाटणार तेवढ्यात काकींचा हात माझ्या खांद्यावर आला. त्यांना सोडलं. मग काका. मग रिक्षावाला. मग सगळेच. प्रत्येक जण जाताना ‘थँक्यू शर्वू’ म्हणायचा आणि आत जायचा, आणि विमान तेवढं लांब व्हायचं. बघा, तिकडे शेपूट कुठे गेलंय, पार सड्याच्या कडेला. बिराजदार मॅडमसुद्धा गेली, श्रीखंडाचा डबा घेऊन.

आता गावात कुणी नाही. सगळे बसलेत आणि माझ्यासाठी थांबलेत. ऐकलं? माझं नाव पुकारतायत. शर्वाणी केळुसकर, शेवटच्या प्रवासी. आई खिडकीतून हात करतेय, ती तिसरी खिडकी.

मी जाणारच आहे गं. फक्त माझ्या खांद्यावर अजून एक हात आहे. सगळे गेले तरी आहे. म्हणून तुम्हाला थांबवून ठेवलं. मला मागे वळून बघता येत नाही, तुम्ही बघून सांगा कुणाचा आहे. ओला आहे. चंदनाच्या साबणाचा वास येतोय.

काय म्हणालीस, जुई? मागे कुणी नाही? मग फरझाना अशी का बघतेय?

असू दे. दही चाटते आणि निघते.

कोण बोललं? तुमच्यापैकी कुणी? अगदी माझ्यासारखा आवाज आहे ना? काय छान, हळू बोलतेय. ‘थांब,’ म्हणतेय. ‘हात वर.’

बॅग नीट धर हं, जुई. मी हात वर करतेय. बघ ना, दही कोपरापर्यंत आलं.