वजा केलेला कोपरा

मी एक जुना कॅमेरा आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीला जोडलेला. मित्रांनो, माझ्यासमोर हसून उपयोग नाही. मला चेहरे दिसत नाहीत, ऊब दिसते. मला स्वतःला मात्र ऊब सोसत नाही; रोज पोटात द्रवरूप नायट्रोजन ओतून गारठवून ठेवावं लागतं. ते काम वीजतंत्री डेसचं. बावीस वर्षं त्यानं ते केलं, कुरकुरत, पण एकही दिवस न चुकवता.

खगोलशास्त्रज्ञ रोवेना एका दूरच्या दीर्घिकेवर डोळा ठेवून होती. तिथल्या अजस्र कृष्णविवरानं पाच महिन्यांपूर्वी काहीतरी गिळलं आणि मोठा भडका उडाला. साध्या दुर्बिणींना आता तिथं सगळं शांत दिसे. रोवेना मात्र भोवतालचं धुळीचं कडं तापण्याची वाट पाहत होती. तापायला जितका उशीर, तितकं कडं कृष्णविवरापासून लांब, असा तिचा हिशेब.

पण ऊब आमच्या घुमटालाही असते, आरशालाही. म्हणून ती शेजारच्या रिकाम्या आकाशाचं चित्र घ्यायची आणि दीर्घिकेच्या चित्रातून ते वजा करायची. घरची सगळी ऊब पुसली जायची.

त्या आठवड्यात माझ्या चित्रांचा डावा कोपरा उजळू लागला. आरशामागे एक वायर आतल्या आत धुमसत होती. मी प्रत्येक चित्रात तेच सांगत होतो.

"डेस, हा कोपरा बघ जरा. कालच्यापेक्षा उजळलाय," रोवेना म्हणाली.

डेसनं चहाचा मग हातात धरूनच पाहिलं. "म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय. वजा कर आणि पुढं हो."

तिनं वजा केलं. चित्र कसं लख्ख निघालं, आणि त्यात धूळ तापायला लागलेली दिसली! दोघांनी एकमेकांना टाळी दिली. मलाही शाबासकी मिळाली. मला मात्र भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी, सूर्य मावळता मावळता, वायरीनं पेट घेतला. रोवेना डेसला दारातच अडवत होती.

"तुझी मोजणी अर्धीच झालीय ना?" असं म्हणून तो आत शिरला. धुरात चाचपडत त्यानं माझे तापलेले स्क्रू काढले आणि मला छातीशी धरून बाहेर आणलं.

मी वाचलो. मोजणीही पुरी झाली. आता मला गारठवायला दुसरं कुणी येतं, कारण डेसची बोटं मिटत नाहीत.

त्या आठवड्यातली वजा करण्याआधीची चित्रं रोवेनानं जपून ठेवली आहेत. वायर त्यांत अगदी स्पष्ट दिसते. डेसला ती दाखवायचा तिला धीर होत नाही. मित्रांनो, नको ते वजा करावंच लागतं, पण पुसण्याआधी एकदा नीट बघत जा. मला ओरडता येत नाही हो.