उद्धवरावांची डमी

रविवारी सकाळी मोशीतल्या त्या इमारतीच्या जिन्यात चपलांचा ढीग पहिल्या मजल्यापर्यंत उतरला होता. वर दुसऱ्या मजल्यावर, कुसुमताईंच्या हॉलमध्ये, पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीच्या टेबलावर दोन स्पीकर मांडून त्यांना झेंडूचे हार घातले होते. कीबोर्डवर भरजरी शाल होती, आणि माइकला हळदीकुंकू. ते कुंकू माइकच्या जाळीत शिरलेलं निरंजन सरांना लांबूनही दिसलं. कुसुमताईंचा नवरा, सरांचा जुना मित्र उद्धव असता तर त्यानं लावणाऱ्याचा हात धरला असता.

पण उद्धव नव्हता. दिवाळी होऊन पंधरवडा होत नाही तोच छातीत कळ आली आणि गेला. आज ही सगळी मंडळी त्यालाच ऐकायला जमली होती.

नादानंद महाराजांनी डोळ्यांनी खूण केली. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या धनेश नावाच्या शिष्यानं कळ दाबली. स्पीकरमधून कुसुमताईंचा आवाज आला, नुसता गळा, मागे वाद्य नाही. पहिलं कडवं संपलं, त्या थांबल्या आणि त्या मोकळ्या जागेत, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक पुरुषी आवाज उमटला. खरखरीत, थोडा दमलेला. महाराजांनी उजवा हात हळूहळू वर नेला, तसा तो मोठा होत गेला आणि स्पष्ट ऐकू आलं, “कुसुम...”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं जमिनीला डोकं टेकवलं. निरंजन सर कान देऊन ऐकत राहिले. आवाज उद्धवचाच होता, त्यात तिळमात्र शंका नव्हती. तो संपू नये असंही त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचा रागही आला.

“नाद म्हणजे ब्रह्म,” महाराज सांगू लागले. “ब्रह्म म्हणजे कंपन, कंपन म्हणजे फ्रीक्वेन्सी, आणि फ्रीक्वेन्सी म्हणजेच आत्मा. चारशे बत्तीस हर्ट्झला आत्म्याचा दरवाजा उघडतो, हे नासावाले आत्ता कबूल करतायत. आपल्याकडं पूर्वीपासून माहीत होतं.”

लोकांनी माना डोलावल्या. हर्ट्झ म्हणजे काय हे विचारायला कुणाला फुरसत होती?

निरंजन सर भिंतीला टेकून उभे होते. आकुर्डीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि सुट्टीच्या दिवशी बुवा-बाबांमागे फिरण्यात उरलेला. नारळातून करणी काढणारे पाहिले, जिभेवर कापूर जाळणारे पाहिले, बोटं फिरवून अंगारा देणारे पाहिले. दर वेळी हातचलाखी उघडी करायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या महिन्यात त्याच लोकांनी दुसऱ्या बाबाच्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत त्यांना आपले जुने विद्यार्थी भेटत, पहिल्या वर्गात पास झालेले. या वर्षी त्यांनी ठरवलं होतं, पुरे झालं. निगडीच्या घरी बसून पेटी वाजवावी. पण उद्धवच्या मुलीचा, रुपालीचा फोन आला. ती हिंजवडीला नोकरी करते, सहसा रडत नाही. त्या दिवशी रडली.

उद्धवराव आणि कुसुमताई लातूरकडचे. उद्धवनं उभी हयात कंपनीत मेंटेनन्समध्ये काढली आणि शिफ्टवरून आला की आतल्या छोट्या खोलीत शिरायचा. तिथं त्यानं घरचाच स्टुडिओ उभारला होता. भिंतींना जुन्या गोधड्या, खिडकीत कापसाची गादी, टेबलावर कीबोर्ड. चाली तो बांधायचा, गायची कुसुमताईंनी. त्यांनी गाण्याआधी तो सगळं गाणं स्वतः एकदा गाऊन ठेवायचा, कुठं उठायचं, कुठं थांबायचं ते कळावं म्हणून. अशा कच्च्या गाण्याला त्या धंद्यात डमी म्हणतात. खरं गाणं झालं की डमी काढून टाकायची. “माझा आवाज डमीपुरताच,” उद्धव हसून म्हणायचा, आणि खरंच तसं मानायचा.

तो गेला तेव्हा नव्या गाण्यांच्या अख्ख्या संचाच्या डम्या तयार होत्या. दुःख जरा ओसरल्यावर कुसुमताईंनी मन घट्ट केलं, मुलीला कळ दाबायला बसवलं आणि हेडफोनमध्ये नवऱ्याची डमी ऐकत, शेवटचं सोडून एकेक गाणं पुरं केलं. मग एका संध्याकाळी डमी बंद करून नुसता स्वतःचा आवाज ऐकला, तर मागून उद्धव गात होता.

खालच्या मजल्यावरच्या मारुतरावांनी चाकणजवळच्या शेडमधल्या मठातून महाराजांना आणलं. मारुतराव मोशीचे जुने रहिवासी, माणूस सरळ. महाराजांनी सगळ्यांदेखत धनेशकडून उद्धवच्या डम्या पुसवल्या. पडद्यावरून त्या गेल्या आणि तरी आवाज राहिला. मग तर संपलंच. आत्मा यंत्रांत अडकलाय, असं महाराजांनी जाहीर केलं. कीबोर्ड, स्पीकर, कॉम्प्युटर, सगळं मठात आणून द्यायचं आणि कुसुमताईंनी पुन्हा कधी गायचं नाही. त्या गायल्या की तो खेचला जातो, त्याला गती मिळत नाही.

आज ते सामान उचलायचं होतं. दारात टेम्पो उभा होता. कुसुमताई पांढऱ्या साडीत, मान खाली घालून बसल्या होत्या. आज संकल्प सोडला की त्यांचं गाणं संपणार होतं, आणि उद्धवनं मागे ठेवलेलं सगळं त्या टेम्पोतून जाणार होतं.

निरंजन सर पुढे झाले. महाराजांना नमस्कार केला नाही, पण आवाजही चढवला नाही. आता चढवायची ताकदही राहिली नव्हती.

“वहिनी, एकदा परत ऐकू का?”

कुसुमताईंनी मान वर केली. “भावजी, तुम्हाला त्यांचा आवाज ओळखू येत नाही का?”

“ओळखू येतो. म्हणून तर विचारतोय, येतो कुठून.”

संशयात्म्यासमोर नाद मावळतो, असं महाराज म्हणाले. मी जिन्यात उभा राहतो, असं सर म्हणाले, आणि लोकांना एकच विनंती केली. या वेळी उद्धवकडं लक्ष देऊ नका. मागे काय ऐकू येतं तेवढं ऐका.

ते खरोखर चपलांमध्ये जाऊन उभे राहिले. गाणं लागलं. मोकळी जागा आली, महाराजांचा हात वर गेला, उद्धव मोठा झाला. आणि उद्धवबरोबर पंख्याची घरघर मोठी झाली, आणि मग शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, लांबलचक. मघाशी ती कुणाच्या कानातच शिरली नव्हती.

“शिट्टीबी वाढली की,” मारुतराव मोठ्यानं म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सूक्ष्म देह जवळ आला की सभोवतालची कंपनंही जागृत होतात, असं महाराज सांगू लागले. सर आत आले.

“म्हणजे कुकरलाही गती हवीय,” ते म्हणाले. “हात वर गेला की हा धनेश आवाजाचं बटण फिरवतो, एवढंच होतंय. सगळ्यांचं लक्ष हाताकडं असतं, त्याच्या बोटांकडं कुणी बघत नाही.”

धनेशचा हात बटणावरून आपोआप खाली आला. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. मघापासून तो शालीखालच्या कीबोर्डकडं ज्या नजरेनं बघत होता, ती नजर सरांनी ओळखली होती. तसं बघतो तो वाजवणारा असतो.

“कुठं वाजवायचास?” सरांनी विचारलं.

“ऑर्केस्ट्रात,” तो पुटपुटला. “कामं बंद पडली, सर.”

“डम्या डिस्कवर आहेत ना अजून?”

धनेशनं महाराजांकडं पाहिलं, मग कुसुमताईंकडं. “पडद्यावरूनच काढल्या होत्या,” तो शेवटी म्हणाला. “डिस्कवरून पुसायला हात धजावला नाही. माणूस चांगला गायचा.”

भिंतीवरचा फोटो उतरवून कपाटात ठेवावा, तसं ते होतं. सरांनी माउस हातात घेतला, फोल्डर उघडलं, उद्धवची डमी जागेवर आणून ठेवली. स्पीकर बंद केले, म्हणजे आवाज फक्त हेडफोनमध्ये जाईल. माइक सुरू केला.

“वहिनी, नेहमी उभ्या राहता तशा माइकसमोर उभ्या राहा. हेडफोन घाला. फक्त गाऊ नका, तोंड मिटून राहा.”

कुसुमताई उठल्या. हेडफोन डोक्यावर चढवला आणि सवयीनं डाव्या कानावरची वाटी मागे सरकवली. त्या गावच्या भजनात वाढलेल्या. कानाशी हात धरून स्वतःचा सूर ऐकल्याशिवाय त्यांना गाताच येत नसे, आणि हात हेडफोनवर बसेना म्हणून एक कान उघडा. उद्धव यावरून कायम कटकट करायचा. कशासाठी ते न विचारता त्या हसण्यावारी न्यायच्या.

गाण्याभर त्या गप्प उभ्या राहिल्या. मग सरांनी स्पीकर सुरू करून आत्ताचं रेकॉर्डिंग लावलं. कुणीही गायलं नव्हतं, आणि उद्धव गात होता. तसाच खरखरीत, तसाच लांबून. “कुसुम...”

“आता दोन्ही कान झाकून.”

पुन्हा तेच केलं, दोन्ही वाट्या कानांवर घट्ट बसवून. या वेळी स्पीकरमधून पंख्याची घरघर आली, रस्त्यावरचा हॉर्न आला. उद्धव आला नाही.

सरांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, पण थकलेल्या आवाजात. उघडी राहिलेली वाटी म्हणजे एक छोटा स्पीकरच. त्यातून डमी झिरपते आणि हातभरावरचा माइक ती टिपतो. वहिनी गात असतात तेव्हा ती त्यांच्या आवाजाखाली दडते, थांबल्या की उघडी पडते. नंतर डमी काढली तरी वहिनींच्या रेकॉर्डिंगमध्ये जे शिरलं ते शिरलं. उद्धवची कटकट त्याचसाठी होती.

“कानाच्या दोन वाट्यांनी अडतो, तो कसला आत्मा?” मारुतराव म्हणाले. पण बोलताना ते महाराजांकडं बघत नव्हते. आपणच या माणसाला जिना चढवून आणलं, हे त्यांना लागलं होतं.

महाराजांनी कमंडलू उचलला. इथं श्रद्धेला वाव नाही, असं काहीसं म्हणत ते चपला शोधायला गेले. तेवढ्या ढिगात त्यांच्या खडावा लवकर सापडेनात. रिकामा टेम्पो आवाज करत चाकणच्या दिशेनं गेला. धनेश गेला नाही, दाराशी रेंगाळला.

लोक पांगू लागले. एक गृहस्थ जाता जाता सरांना म्हणाले, हे ठीक आहे, पण काहीतरी शक्ती असतेच हो. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. वीस वर्षं हे वाक्य ऐकून त्यांचे कान किटले होते.

“असेल किंवा नसेल,” ते म्हणाले. “मी देव सोडा म्हणत नाही. हात जोडायच्या आधी एकदा विचारा, हे कशामुळं होतंय. आणि ज्याला ते विचारलेलं चालत नाही, त्याच्या हाती घरातली वस्तू देऊ नका, घरातलं माणूस तर मुळीच देऊ नका. एवढं केलंत तर मी घरी बसायला मोकळा.”

गृहस्थ बरं म्हणाले. पुढच्या वेळी ते विचारतील याची सरांना खात्री नव्हती. पण सांगायचं थांबवूनही चालत नाही, हाच त्यांचा शीण होता.

हॉल रिकामा झाला. रुपाली स्पीकरवरचे हार काढत होती, धनेश न सांगता माइकच्या जाळीतलं कुंकू रुमालानं टिपत होता. कुसुमताई मात्र हेडफोन हातात घेऊन तशाच बसून होत्या. सरांना अपराधी वाटलं. नवरा परत आला असं या बाईला वाटत होतं, आणि आपण येऊन तो काढून घेतला. खरं सांगणाऱ्याच्या वाट्याला हेही येतंच.

“वहिनी, चुकलं का माझं?”

“न्हाई हो.” त्यांनी डोळे पुसले. “ते माझ्यामुळं अडकून पडलेत, माझ्या गाण्यानं त्यांना त्रास होतोय, म्हणून झोप नव्हती मला. तसं नाही ना काही?”

“नाही.”

“मग त्यांची डमी लावा. नीट, मोठ्यानं.”

सरांनी लावली. आता विहिरीच्या तळातून नव्हे, खोलीत बसून गावं तसा उद्धव गायला. घसा खाकरला, एका ठिकाणी सूर चुकला, स्वतःशीच हसला. कडवं संपलं आणि त्या मोकळ्या जागेत, इतके दिवस ज्याचा एकच शब्द कसाबसा ऐकू येत होता, ते सगळं वाक्य आलं.

“कुसुम, इथं श्वास घे. घाई करू नको, मी थांबतो.”

कुसुमताईंनी श्वास घेतला. खोलवर, पोटातून. कितीतरी दिवसांत घेतला नसावा तसा. मग उठून माइकसमोर उभ्या राहिल्या.

“शेवटचं गाणं राहिलंय, भावजी. करून टाकू.”

त्यांनी हेडफोन चढवला. दोन्ही वाट्या कानांवर नीट बसवल्या, क्षणभर तशाच राहिल्या, मग डावी वाटी हळूच मागे सरकवली आणि सरांकडं पाहिलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “कुठून येतंय, ते आता ठाऊक आहे मला.”

सरांनी मान हलवली आणि रेकॉर्डिंगची कळ दाबली.