आजीच्या नाकाची कसोटी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक न्हाणीघर डोळ्यांपुढे आणा. तुमच्या-माझ्या घरात असतं तसंच. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, वर वीतभर खिडकी. आता ती खिडकी बंद करा. दारही लोटून घ्या. आत एक बाई उकिडवी बसून फरशी घासते आहे. घ्या पाहू श्वास. नको, फार खोल नको.

ती बाई म्हणजे बिट्टीची आई. बिट्टी नऊ वर्षांची. तिचे बाबा बस चालवायचे. आणि घरावर राज्य होतं आजीचं. आजीने तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात साफसफाईचं काम केलं होतं. तिच्या हाताखाली बारा बायका होत्या. आता हाताखाली एकच उरली होती, सून.

आजीची एक कसोटी होती. न्हाणीघर धुऊन झालं की ती त्याच्या उंबऱ्यावर उभी राहायची, मान वर करायची आणि जोरात हुंगायची.

"वास कुठाय? नुसतं पाणी फिरवलंस वाटतं."

"अहो आई, वाटीभर ब्लीच ओतलंय. डोळे चुरचुरतायत माझे."

"चुरचुरणारच. स्वच्छता काय फुकट मिळते? ओत आणखी वाटीभर, वरून कढत पाणी घाल. आणि खिडकी लाव आधी. वास पळाला की जंतू परत आलेच म्हणून समज."

आई ओतायची. रात्री बिछान्यात बसून खोकायची. पुढे पुढे जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागायला लागलं. बाबांना ते दिसत होतं, पण ते म्हणायचे, "आईला त्यातलं कळतं. तीस वर्षं हेच केलंय तिने." आणि आजी म्हणायची, "कामाचं नाव काढलं की खोकला येतो हिला. मला नाही कधी आला."

सुनेचा खोकला हे ढोंग आणि सासूचा अनुभव हे शास्त्र, अशी रीत पुष्कळ घरांत असते. ती कुणी लिहून ठेवत नाही, पण मोडतही नाही.

एका सकाळी बिट्टी फाटक्या चपलेला दोरी बांधत जिन्यात बसली होती. तिला करपल्याचा वास आला. ती धावत वर गेली. दूध उतू जाऊन शेगडी काळी झाली होती, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर आजी निवांत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आजी! दूध जळलं! तुला वास नाही आला?"

"माझी पाठ होती तिकडे," आजी म्हणाली.

"नाक पाठीला असतं का गं?" बिट्टी खो खो हसली. आजीही हसली. गोष्ट तिथेच विरली. विरायला नको होती.

पुढच्या आठवड्यात आजीने तीन वाट्या ओतायला लावल्या, तरी तिला वास येईना. "हल्ली या ब्लीचमध्येही भेसळ करतात मेले," म्हणत तिने संडास घासायच्या ॲसिडची निळी बाटली काढली. "हे घाल त्यात. मग बघू कसा वास येत नाही."

"दोन्ही एकत्र? बाटलीवर काहीतरी लिहिलंय, आई..."

"बाटलीने धुतलेत का तीस वर्षं संडास? घाल म्हणते ना!"

आईने घातलं. दार लोटलेलंच होतं.

बिट्टी बाहेर गणितं करत होती. आधी घासण्याचा आवाज थांबला. मग खोकला आला, एकामागून एक, आणि मग बादली आडवी पडली.

"आई?"

बिट्टीने दार ढकललं. उग्र, बोचरी वाफ अंगावर आली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आई जमिनीवर पडली होती, तोंड उघडं. बिट्टी मागे सरली आणि जिन्यात जाऊन ओरडली, "काका! माझी आई! कुणीतरी या हो!" शेजारचे वायरमन काका धावत आले. त्यांनी श्वास रोखून आईला फरफटत बाहेर काढलं आणि घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

आई अकरा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाजूला घेतलं. "ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू तयार होतो. फुप्फुसं भाजलीत त्यांची. आधीपासूनही त्रास होता ना? किती दिवस?"

बाबांनी खाली पाहिलं. "वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही काय केलंत?"

बाबांनी खिशातून कागद आणि पेन काढलं.

"रोज न्हाणीघर धुवायला साबण, ब्रश आणि खायचा सोडा पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या. "घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तरच ब्लीच. तेही बाटलीवर लिहिलंय तितकंच, गार पाण्यात, खिडकी उघडी ठेवून. दुसऱ्या कशात मिसळून तर कधीच नाही. तुमच्या पत्नीच्या जवळपास मात्र तेही नको."

आई घरी आली ती दर तिसऱ्या पायरीवर बसत. बादली उचलायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी आजीने ब्लीचची पांढरी बाटली बिट्टीपुढे ठेवली.

"आता तूच गं बाई. निळी नको, ही एकटीच घाल. मला तीस वर्षांत काय झालं?"

बिट्टीला ते जळलेलं दूध आठवलं. ती आत जाऊन काहीतरी घेऊन आली.

"आजी, डोळे मीट. हे काय आहे, ओळख."

"आण तर खरी."

"आणलंय. नाकाखाली धरलंय तुझ्या."

आजीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. डोळे उघडले. नाकाखाली कॉफीचा डबा होता, झाकण काढलेला.

"तुला हे झालं, आजी," बिट्टी म्हणाली. रागाने नव्हे, रडवेल्या आवाजात.

आजी भिंतीला टेकून खाली बसली. आतल्या खोलीतून आईचा खोकला येत होता, थांबून थांबून. आजीने आयुष्यात पहिल्यांदा तो नीट ऐकला असावा.

बिट्टीने बाटल्यांना हात लावला नाही. तिने न्हाणीघराची खिडकी उघडली, दार उघडं ठेवलं, साबणाचं पाणी केलं, फरशीवर सोडा भुरभुरला आणि घासायला बसली. थोड्या वेळाने बाबा आले, त्यांनी दुसरा ब्रश घेतला आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले.

धुऊन झालं. आजी सवयीने उंबऱ्यावर आली. मान वर केली, आणि तशीच थांबली.

"आता मला कळायचं कसं गं, स्वच्छ झालं ते?"

बिट्टीने तिला खाली बसवलं, तिचा सुरकुतलेला हात धरला, तिचं बोट ओल्या फरशीवर टेकवलं आणि जोरात ओढलं.

मळ निघालेली फरशी करकर वाजली.