जिंकलेला वाद

“म्हणजे तुझा देव तेवढा खरा, आणि बाकीची सगळी दुनिया वेडी?” चादरीची दोन टोकं चिमटीत धरून वकीलबाईने विचारलं.

“वेडी नाही गं. वाट चुकलेली,” समोरून मावशी म्हणाली आणि तिने चादर झटकली.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोघींची बावीस वर्षं अशी गेली होती. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींपाशी यायचं. त्या येण्याजाण्यात यांचा देवाधर्माचा वाद चालायचा. मावशीचा धर्म एक, वकीलबाईचा दुसरा, आणि आपलाच बरोबर याबद्दल दोघींनाही तिळमात्र शंका नव्हती. ‘वकीलबाई’ हे नाव लाँड्रीनेच ठेवलेलं. वादात ती माघार म्हणून घ्यायची नाही. मावशी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, सगळ्यांचीच मावशी. दुपारी साडेबाराला ती कपाटांमागे जायची आणि उशांच्या अभ्र्यांच्या गठ्ठ्याला टेकून पाच मिनिटं आपली प्रार्थना म्हणायची. तेवढा वेळ वकीलबाई दाराशी उभी राहून मुकादमाला थोपवून धरायची. “चुकीच्या पत्त्यावर पाठवतेय, पण पाठवू दे बिचारीला,” असं ती मोठ्याने म्हणायची, आणि आतून मावशीचं हसू ऐकू यायचं.

त्या दिवशी वकीलबाईचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं. तिच्या मुलाने चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, की यापुढे मी तुझ्याबरोबर प्रार्थनेला येणार नाही. “आई, तू पलीकडच्या गल्लीत जन्मली असतीस तर त्यांच्या देवाची शपथ घेतली असतीस. यात खरंखोटं कुठे आलं?” असं तो म्हणाला होता. जिने कुणाचीही बोलती बंद करायची, तीच गप्प बसून डबा भरत राहिली होती.

आणि नेमकी मावशीने नवऱ्याची गोष्ट काढली. गोदामाचं छत कोसळलं, सहा माणसं गेली, तो एकटा वाचला. त्याच्या खिशात त्यांच्या धर्मातली प्रार्थना लिहिलेला कागद होता. ही गोष्ट वकीलबाईने शंभरदा ऐकली होती.

“आता याला पुरावा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?” मावशी म्हणाली.

“मावशी, तू माझ्या घरात जन्मली असतीस तर माझा देव खरा म्हणाली असतीस. तुझा बाप त्या देवाचा, म्हणून तू त्याची. एवढंच आहे ते.”

“मग माझा नवरा कसा गं वाचला?”

“आणि मुलगी कशी गेली?” वकीलबाई म्हणाली. “वरच्या मजल्यावर ती बाळंत होत होती तेव्हा तीन तास तू तीच प्रार्थना म्हणत होतीस. मी बाकावर तुझ्याशेजारीच होते. तेव्हा काय करत होता तुझा देव?”

मावशीने टोकं जुळवली, घडीवरून हात फिरवला आणि पुढची चादर उचलली. साडेबारा वाजले. वकीलबाई सवयीने दाराशी जाऊन उभी राहिली. मावशी जागची हलली नाही, टॉवेल मोजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर कधीच ती कपाटांमागे गेली नाही.

वाद संपला. चादरींच्या घड्या होत राहिल्या, पण आता लाँड्रीत नुसता मशीनचा आवाज उरला. वकीलबाईला माफी मागायची होती. पण मागायची म्हणजे मुलीचं नाव पुन्हा काढायला हवं, आणि तिथेच तिची जीभ अडखळायची. पाच महिन्यांनी मावशी निवृत्त झाली. निरोपाला सगळ्यांनी मिळून तिला घड्याळ दिलं. वकीलबाईने पुढे होऊन तिच्या मनगटावर बांधलं, पट्टा एक भोक सैल ठेवला, आणि तेवढंच.

दोन वर्षांनी मावशीचा मुलगा लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी.

“काकू, आईचं आता काही खरं नाही,” तो म्हणाला. “आठ-दहा दिवस, असं डॉक्टर म्हणतात. त्याचं दुःख आहेच. पण ती प्रार्थना म्हणायला तयार नाही हो. आम्ही म्हणायला लागलो की भिंतीकडे तोंड फिरवते. तिच्या बहिणी रडतात. तुम्ही तिच्या जिवाभावाच्या. तुमच्या शब्दाला मान देईल.”

वकीलबाईने हात पुसले. याला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मावशीच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीपाशी पलंग. मावशी त्या पांघरुणाखाली आहे की नाही असं वाटावं इतकी ती आटली होती. मुलगा पाण्याचं भांडं ठेवून बाहेर गेला.

“पाठवलं वाटतं तुला,” मावशी म्हणाली.

“हो.”

“मग बोल. तू कधीपासून गप्प बसायला लागलीस?”

वकीलबाईने मग सगळं सांगितलं. मुलाचं सकाळचं बोलणं, आपल्याला उत्तर न सुचणं, तेच हत्यार मावशीवर उगारणं. “आणि मुलीचं बोलले, ते तर माझं स्वतःचं,” ती म्हणाली. “ते कुणी शिकवलं नव्हतं मला. मावशी, तुझं होतं नव्हतं ते मी काढून घेतलं.”

मावशीने तिच्याकडे मान वळवली.

“तू बोललीस ते मी त्या बाकावरच बोलले होते. मनातल्या मनात,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत झाकून ठेवता येत होतं. तू झाकण काढलंस. राग आला होता तुझा. फार.”

“आता?”

“आता रागवायला ताकद कुठे आहे?” मावशी म्हणाली. “आता तू सांग. तुझा तरी खरा आहे का?”

या प्रश्नाला वकीलबाईने बावीस वर्षं श्वास न घेता ‘हो’ म्हटलं होतं. आत्ताही तेच ओठांवर आलं. मरणाऱ्या माणसाला तेवढा तरी आधार. पण मावशीचे डोळे तिच्यावर खिळलेले होते.

“माहीत नाही मला,” ती म्हणाली.

“मग प्रार्थनेला जातेस कशाला अजून?”

“तुझं नाव घ्यायला. तुझी माफी दुसरीकडे कुठे मागू, कळत नाही.”

मावशीच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी आलं. “चुकीच्या पत्त्यावर,” ती म्हणाली. मग तिने पाणी मागितलं. वकीलबाईने चमच्याने तिला पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपलं. मावशीला डुलकी लागेपर्यंत ती बसून राहिली. प्रार्थनेचा विषय दोघींनीही काढला नाही.

बाहेर मुलगा उभाच होता. “म्हणाली का, काकू?”

त्याचा चेहरा पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, “म्हणाली. हळूच.”

तो भिंतीला टेकला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडला.

मावशी नवव्या दिवशी गेली. त्यांच्या प्रार्थनेच्या जागी नातलग जमले, तेव्हा वकीलबाई मागच्या दाराशी उभी राहिली. इथे ती आयुष्यात कधी आली नव्हती. पण मुलाने तिला पाहिलं आणि बायकांना खूण केली. मावशीच्या बहिणींनी तिचे हात धरले. “तुम्ही तिला परत आणलंत,” थोरली म्हणाली. “परक्या असून.” वकीलबाईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर त्यांनी तिला पुढच्या रांगेत, घरच्या बायकांच्या मधोमध नेऊन बसवलं होतं.

सगळ्यांना प्रार्थनेची पुस्तकं वाटली. तिलाही एक दिलं. त्या लिपीतलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. समोर गंभीर आवाजात म्हणणं सुरू झालं, तशी तिनेही मान खाली घालून पानावर नजर लावली आणि इतरांसारखे ओठ हलवू लागली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणणं न थांबवता तिने हात पुढे केला, वकीलबाईच्या हातातलं पुस्तक अलगद फिरवून सुलटं केलं, आणि पुढे म्हणत राहिली.